सासऱ्यांच्या टाकीतली कोळंबी

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा बैठकीच्या खोलीत सगळ्यात जास्त मान टाकीला होता. पाच फूट लांब काच, आत खारं पाणी, खडकांवर जांभळी-हिरवी प्रवाळं आणि चार मासे. शिवाय खडकांवरून सरपटणाऱ्या गोगलगायी, शंखातले खेकडे आणि लाल पट्ट्यांच्या दोन कोळंब्या. माझे सासरे पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त फिटर. "बत्तीस वर्षं लोकांच्या घरात पाणी सोडलं, आता समुद्रच आपल्या घरात आणून ठेवलाय," असं सासूबाई म्हणायच्या.

माणूस हाताचा पक्का, पण स्वभावाने संशयी. सगळी नोकरी गळती शोधण्यात गेलेली. कुठेतरी काहीतरी झिरपतंय आणि कोणीतरी ते लपवतंय, हे त्यांच्या अंगातच मुरलं होतं. डॉक्टरने गोळी दिली तरी ती उलटीसुलटी करून बघितल्याशिवाय तोंडात टाकायचे नाहीत.

मी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक गोगलगाय तळाशी उलटी पडलेली सापडली. दोन दिवसांनी आणखी तीन. मग एक कोळंबी आडवी झाली. प्रवाळं मिटली ती उघडेचनात. मासे मात्र ठणठणीत.

त्या दिवशी मी कामावरून आले, तर सासरे टाकीपाशी उभे.

"काचेवर काही फवारलंस का?"

"नाही, बाबा."

"मग हा वास कसला?"

"माझ्या हातांचा असेल. दुकानात दिवसभर चष्मे पुसायचा स्प्रे वापरते ना."

त्यांची नजर माझ्या पर्सवर गेली. स्प्रेची छोटी बाटली त्यातच होती, आणि ती आहे हे त्यांना कळलं, हे मलाही कळलं.

त्यानंतर घरात माझ्यावर पहारा बसला. टाकीखालच्या कपाटाला कुलूप लागलं. काच मी पुसायची नाही, खोलीत अत्तर लावायचं नाही. एकदा त्यांची वही टेबलावर उघडी राहिली होती. पाण्याचं तापमान, खारटपणा आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: "सकाळी ७.४०. सूनबाई टाकीजवळ. दोन मिनिटं." मी तिथे चप्पल शोधत होते. फोनवर नणंदेला सांगतानाही ऐकलं, "मी नाव घेत नाही कुणाचं. पण सुरुवात कधी झाली ते तूच बघ." नवरा म्हणाला, "बाबांचं मनावर घेऊ नकोस," आणि विषय संपवला. त्याला काय जातंय! सासूबाईंनी मात्र एकदा हळूच विचारलं, "चुकून काही सांडलं नाही ना गं?" ते जास्त लागलं.

शेवटी मीच टाकीतलं वाटीभर पाणी बाटलीत भरलं. तेही सासरे आंघोळीला गेल्यावर, चोरासारखं. जेवणाच्या सुट्टीत ती बाटली घेऊन मी शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेले.

"मासे जिवंत आणि बिनकण्याचे जीवच मरतायत?" त्याने विचारलं. "मग तांबं बघायला हवं. माशांना जे सोसतं ते कोळंबी-गोगलगायींना सोसत नाही."

त्याने काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. नळीतला रंग बदलला.

आता पंचाईत. सांगावं तर "तुला कसं कळलं?" हा प्रश्न ठरलेला. तरी रात्रीच्या जेवणाच्या ताटावर मी सांगून टाकलं. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"तांबं? ते आपोआप कसं येईल? कोणीतरी टाकल्याशिवाय?"

"मी टाकलं असतं तर तपासायला कशाला नेलं असतं, बाबा?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्याच दुकानात गेले आणि तपासणीचा संच घेऊन आले. आधी टाकीचं पाणी: रंग आला. मग माझ्यापुढे हात केला, "ती स्प्रेची बाटली दे." माझा स्प्रे नळीत टाकला: काही नाही. दोनदा केलं, तरी काही नाही. नळाचं पाणी, नवं मीठ, माशांचं खाणं भिजवलेलं पाणी, सगळं स्वच्छ निघालं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नळ्यांची रांग लागली आणि आरोपी एकेक करून सुटत गेले.

"मग टाकीतच काहीतरी आहे," ते स्वतःशीच पुटपुटले. कपाटाचं कुलूप काढलं. खाली आणखी एक छोटी टाकी होती; तिथून पंप पाणी वर फेकतो. मी टॉर्च धरला. ते एकेक वस्तू बाहेर काढून ठेवत गेले. गाळणीची पिशवी, हीटर, पंप. पंपाला जोडलेला पाइप वर आला आणि त्यांचा हात थांबला.

पाइपवर तो आवळून धरणारा पितळेचा क्लॅम्प होता, हिरवागार पडलेला. बोट लावलं तर हिरवी पूड बोटाला आली.

"पितळेत तांबंच असतं," ते म्हणाले. "तुमच्या लग्नाच्या गडबडीत पाइप निसटला होता. माझ्या जुन्या पिशवीतला हा लावला. म्हटलं, पितळ आहे, जन्मभर टिकेल. खाऱ्या पाण्याचा विचारच केला नाही."

खरं सांगायचं तर चार शब्द तोंडाशी आले होते, पण त्यांचा चेहरा बघून गिळले.

प्लॅस्टिकचा क्लॅम्प बसला. तांबं शोषून घेणारी पिशवी खालच्या टाकीत टाकली, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं. नळीत रंग येईनासा व्हायला सव्वा महिना लागला. दोन प्रवाळं आणि दुसरी कोळंबीही गेली ती गेलीच. नणंदेचा फोन आला तेव्हा सासरे मुद्दाम माझ्यासमोर, मोठ्याने बोलले, "चूक माझी होती. तिने शोधून काढली." माफी म्हणून शब्द काही आला नाही. पण नवी कोळंबी आणली तेव्हा पिशवी माझ्या हातात दिली, "तूच सोड. सावकाश, थोडं थोडं टाकीचं पाणी मिसळत."

पंधरा दिवसांनी सकाळी त्यांची हाक आली. खडकाजवळ कोळंबी आडवी, निश्चल. मी त्यांच्याकडे पाहिलं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तडक खाली वाकले, कपाट उघडलं आणि प्रत्येक जोड बोटांनी चाचपला.

मी चिमट्याने कोळंबी उचलली. वजनच लागेना. आतून पोकळ होती, नुसतं कवच.

"बाबा, कात टाकलीय तिने."

ते उठले, चष्मा लावला. खडकामागून दोन लांब मिशा हलल्या. सासरे हसले, वही ओढली आणि लिहिलं: "७.१०. कोळंबीने कात टाकली. सूनबाईंनी पाहिलं."