पेशंट होऊन येणारे सर

"थांबा, मी पेशंट होऊन येतो," असं म्हणून सर वर्गातून बाहेर जायचे. आत यायचा तो कुणी भलताच. कधी संकेश्वरचा उसाच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, कधी बोरगावचा रिक्षावाला, कधी हिंडलग्याहून बायकोनं ओढून आणलेला नवरा. खांदे पडलेले, नजर जमिनीवर आणि तोंडानं धडधडीत खोटं. मानसोपचार शिकणाऱ्या आम्ही चौघांनी त्याला बोलतं करायचं.

बेळगावात ज्या इस्पितळात आम्ही शिकत होतो, तिथल्या अभ्यासक्रमात व्यसनाच्या वाट्याला जेमतेम काही आठवडे आले होते. पुस्तकं परदेशातली. त्यांतला पेशंट जेवताना वाईन घ्यायचा आणि प्रश्नांना मुद्देसूद उत्तरं द्यायचा. सर म्हणायचे, "असला पेशंट घावला तर मला बी दाखवा. हात जोडीन त्याला."

सोंग इतकं हुबेहूब, की एकदा नव्या वॉचमननं त्यांना दारुडा समजून दंडाला धरून बाहेर काढलं. सरांनी ओळख दिली नाही. वळसा घालून दुसऱ्या दारानं आत आले आणि खुशीत म्हणाले, "आज पास झालो बघा." अशा माणसावर, तुम्हीच सांगा, कोण काय रागावणार?

एके दिवशी त्यांनी माझी ओढणी मागून घेतली, डोक्यावरून पदरासारखी ओढली आणि वडगावच्या विणकराची बायको होऊन बसले. मी विचारलं, दारू? "अगं बाई, न्हाय!" बिडी? "न्हाय." तंबाखू, गुटखा? "आमच्यात बायका खात न्हाईत." मी समाधानानं जाहीर केलं, व्यसन नाही. सरांनी ओढणी काढली. "आणि दात कशानं घासते, ते कुणी विचारायचं?"

मला आधी हसू आलं, मग ते मावळलं. माझी सख्खी मावशी निपाणीची. दिवसातून चार वेळा मिश्री लावते. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांना चोळायची. पण आमच्याकडं त्याला तंबाखू कुणी म्हणतच नाही. मावशी दात घासते, एवढंच.

थोड्याच दिवसांनी बाळंतपणाच्या विभागानं वडगावचीच एक खरी बाई आमच्याकडं पाठवली. यंत्रमागावर साड्या विणणाऱ्या घरातली सून, चौथा महिना. झोप नाही, छातीत धडधड. आधीचं मूल अगदी एवढंसं जन्मलं आणि गेलं. हेही तसंच जाईल, या भीतीनं ती वाळून गेली होती. मी विचारलं, "आक्का, दात कशानं घासता?"

"मिश्रीनं," ती सहज म्हणाली. "जीव घाबरला की लई येळा लावते."

मी सरांना बोलावलं. मला वाटलं, आता ते हिला समजावतील. त्यांनी आधी दाराशी बसलेल्या सासूला हाक मारली. "या मावशी, बसा. घरात मिश्री कोण भाजतं?"

"मीच की," सासू फुलली. "अख्खी गल्ली माझ्याकडनंच नेती."

मग सरांनी सावकाश सांगितलं, की मिश्री म्हणजे तंबाखूच. ती पोटातल्या बाळापर्यंत पोचते आणि बाळाची वाढ खुंटते. सासूच्या चेहऱ्याकडं बघवेना. "म्हंजे पयलं पोर माझ्यामुळं गेलं व्हय?"

"ते का गेलं, आता कुणालाच सांगता येणार न्हाय," सर म्हणाले. "पर हे वाढवायला तुम्हीच पायजे. बाळंतपण होईस्तवर मिश्री भाजायची न्हाय. गल्लीची बी."

मिश्री सोडल्यापासून सुनेचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. एकदा तिनं शेजारणीकडून मागून चोरून लावली आणि आमच्यापुढं येऊन रडली. मी तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "सांगायला आलात न्हवं? मग बरं चाललंय." ती गेल्यावर मला म्हणाले, "ती आपल्यावर रागावली तर परत येईल. आपण रागावलो तर न्हाय यायची." ती येत राहिली, दर खेपेला सासूला घेऊन.

तिला सातवा महिना लागला आणि सर निवृत्त होऊन लेकीकडं हुबळीला गेले. निरोपसमारंभात भाषण केलं नाही. "त्या बाईचं काय ते कळवा," एवढं मला बजावून गाडीत बसले. त्यांची जागा अजून रिकामीच आहे. पुढचे तीन महिने मी धास्तीत काढले. सर होते तेव्हा धीर त्यांचा असायचा, मी फक्त शेजारी उभी राहायचे.

बाळ झाल्याचं कळलं तशी मी धावत वॉर्डात गेले. मुलगी होती, चांगली भरलेली. सासूनं तिला छातीशी धरलं होतं आणि कुणाच्या हातात देत नव्हती. मला इतकं हलकं वाटलं, की भिंतीला टेकूनच सरांना फोन लावला.

"वजन?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"चांगलं आहे, सर. अगदी चांगलं आहे."

सर म्हणाले, "फोन मावशींना द्या."

मी फोन सासूच्या कानाशी धरला. ती नुसती "व्हय... व्हय..." करत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एवढ्यात बाळानं गळा काढला. सासूनं माझ्या हातासकट फोन बाळाच्या तोंडाजवळ ओढला आणि सगळा वॉर्ड वळून बघेल अशी ओरडली, "ऐका डाक्टर, माझी नात कशी वरडतीया!"