ब्रेकमामांचं लायसन्स

आमच्या गावातून शहराकडे जाणारा रस्ता गिरणीपर्यंत सरळ जातो, गिरणीपाशी वळतो आणि वळल्यावर तो कुणाचाच राहत नाही. त्याच्या कडेला ट्रक विसावतात, मधोमध शेळ्या बसतात, कोवळ्या उन्हात कुणी धान्य पसरतं आणि मग जी जागा उरते तिच्यातून वाहतूक वाट काढते, पाणी दगडांतून काढतं तशी. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि रस्त्याची काही तक्रार नव्हती. मग एक माणूस आला आणि त्या रस्त्यावर नियम पाळू लागला. त्या रस्त्याचा एवढा अपमान आधी कुणी केला नव्हता.

त्या माणसाला आम्ही ब्रेकमामा म्हणतो. अंगाने सडपातळ, मिशी बारीक कातरलेली, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. सव्वीस वर्षं त्यांनी परदेशात शहराची बस चालवली. तिकडे बसमध्ये चढलेला शेवटचा माणूस जागेवर बसल्याशिवाय चाक हलवायचं नाही अशी शिस्त होती. ती मामांच्या हाडांत इतकी मुरली होती, की घरी पाहुणा आला तर तो खुर्चीत नीट टेकेपर्यंत मामा बोलायला सुरुवात करत नसत.

ते परत आले ते थोरल्या बहिणीसाठी. आक्कांची मूत्रपिंडं थकली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता शहरातल्या दवाखान्यात त्यांना यंत्राला जोडत. चार तास रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, पुन्हा आत सोडायचं. सातची वेळ म्हणजे सातचीच. पंधरा मिनिटं उशीर झाला की यंत्र पुढच्या माणसाला. आक्का भाड्याच्या जीपने जायच्या. आठ माणसांच्या जीपमध्ये चौदा माणसं. ज्या हाताला सुया टोचत तो हात आक्का दुसऱ्या हाताने पोटाशी धरून बसायच्या, कुणाची पिशवी लागू नये म्हणून. एकदा परत येताना जीप खड्ड्यात आदळली आणि सुईच्या जागेतून रक्त आलं. घरी पोचेपर्यंत बाही भिजली होती. हे मामांना फोनवर कळलं आणि दोन महिन्यांत मामा बाडबिस्तरा घेऊन दारात उभे राहिले. आल्या आल्या त्यांनी एक जुनी निळी मोटार घेतली.

मोटार आली, पण लायसन्स कुठे होतं? मामांचं इकडचं लायसन्स कधीच मुदत संपून गेलं होतं आणि तिकडचं इकडे चालत नव्हतं. गाव म्हणालं, चालवा हो, कोण विचारतंय. मामा म्हणाले, मीच विचारतोय. तेव्हा मोटार अंगणात उभी राहिली, मामा रोज तिच्या काचा पुसत राहिले आणि आक्का जीपनेच जात राहिल्या. मामा बरोबर जात आणि त्यांच्या दुखऱ्या हाताच्या बाजूला भिंतीसारखे बसत.

पहिली परीक्षा शहरातल्या मैदानावर झाली. जमिनीवर चुन्याने आखलेला आठचा आकडा मामांनी परीक्षेच्या गाडीने असा गिरवला, की रेषेवरची चिमूटभरही भुकटी उडाली नाही. मग परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले आणि गाडी रस्त्यावर आली.

शहरातल्या बाजाराच्या तोंडाशी रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत. ते कुणी आणि कशासाठी मारले याची गावात चर्चा व्हायची, पण निकाल लागला नव्हता. त्या पट्ट्यांच्या कडेला एक म्हातारा गवंडी डोक्यावर घमेलं घेऊन उभा होता. मामा थांबले. गवंडी हलला नाही. मामांनी हाताने खूण केली, या. गवंड्याने मागे वळून पाहिलं, की आपल्यामागे कोण मोठा माणूस उभा आहे. कुणीच नव्हतं. आपल्यासाठी गाडी थांबली आहे हे त्याच्या मनातही येईना, कारण उभ्या जन्मात ती थांबली नव्हती. इकडे मामा थांबलेले, तिकडे तो थांबलेला, आणि मागे हॉर्नची जत्रा. शेवटी गवंडी घमेलं सावरत खिडकीशी आला.

"कुणाकडे जायचंय तुम्हाला?"

"कुणाकडे नाही. तुम्हाला पलीकडे जायचंय ना?"

"जाईन की. तुम्ही गेल्यावर."

साहेबांनी कागदावर लिहिलं : विनाकारण वाहन थांबवून रहदारीस अडथळा. नापास.

दुसरी परीक्षा महिन्याने. या वेळी पट्ट्यांवर कुणी नव्हतं, म्हणून मामा खुशीत होते. त्यांनी पुढच्या गाडीपासून नियमाप्रमाणे अंतर ठेवलं. त्या अंतरात आधी एक स्कूटर शिरली, मग एक टेम्पो, मग लोखंडी कांबी घेतलेली एक हातगाडी. प्रत्येक जण शिरला की मामा नव्याने अंतर मोजत आणि मागे राहत. अर्ध्या तासात अख्खं शहर त्यांच्या पुढे निघून गेलं. पोस्टाच्या वळणापर्यंत पोचायचं होतं, ते पोस्ट तेवढ्यात बंद झालं. साहेबांनी विचारलं, हॉर्न बिघडलाय का? मामा म्हणाले, चांगला आहे, पण वाजवायचं कारण आलं नाही. साहेब हळहळले. "अहो, मग गाडी येतेय हे लोकांना कळणार कसं?" मामा म्हणाले, दिसते की. साहेबांनी पुन्हा लिहिलं. नापास.

त्याच आठवड्यात जीपमध्ये कुणाच्या तरी कोपराचा धक्का आक्कांच्या हाताला लागला. हात दोन दिवस सुजलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, ही नस गेली तर दुसरी शोधावी लागेल आणि या वयात ती सापडेलच असं नाही. त्या दिवशी मामा मोटार शिकवणाऱ्या मास्तरांच्या दारात गेले, सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस, वही घेऊन.

मास्तरांच्या गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याचा आणि एक त्यांचा. त्यांनी मामांना एक फेरी मारायला लावली, आपल्या ब्रेकवरचा पाय काढून घेतला आणि म्हणाले, "मामा, तुम्हाला गाडी येते. रस्ता येत नाही."

मग धडे सुरू झाले. हॉर्न एकदा वाजवला तर मी आहे. दोनदा वाजवला तर तू मला दिसतोयस, पण मी थांबणार नाही. लांब वाजवला तर दोघांतल्या एकालाच जाता येईल, विचार कर. वळायचा दिवा वळून झाल्यावर लावायचा. आधी लावला तर आपल्याला कुठे जायचंय ते लोकांना कळतं आणि ती जागा तेच घेतात. बाजूचे आरसे मिटून ठेवायचे, उघडे राहिले तर कुणाच्या तरी खांद्याबरोबर जातात. मामा सगळं वहीत उतरवून घेत आणि खाली रेघ ओढत.

मास्तरांना तिकडचं ऐकायची हौस होती. मामांनी सांगितलं, की सुट्टीच्या सकाळी रिकामा चौक, चारी रस्त्यांवर चिटपाखरू नाही, आणि लाल दिव्यापुढे एक माणूस गाडीत बसून हिरव्याची वाट बघत असतो.

"कुणी बघत नसतं?"

"कुणी नसतं."

"मग लाज कुणाची वाटते त्याला?" मास्तरांना खरंच कळेना.

पण मामा तिकडचीच आरती ओवाळत बसणारे नव्हते. त्यांनी पाकिटातून घडी घातलेलं एक पत्र काढून दाखवलं. एकदा एक म्हातारी औषधांची पिशवी हलवत बसमागे धावत होती. मामांनी थांब्याच्या तीस पावलं पुढे बस थांबवून तिला घेतलं. त्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. ताकीद देण्याआधी त्यांची बाजू ऐकली, त्यांना पाणी विचारलं, त्यांच्याशी हात मिळवला, आणि मग पत्र दिलं. पत्रात थांब्याचा क्रमांक होता, तारीख होती, मिनिटंसुद्धा होती. म्हातारी कुठेच नव्हती.

हे सांगत असतानाच गिरणीच्या वळणावर मास्तरांची गाडी बंद पडली. कुणी हाक मारली नाही, तरी पाच माणसं कुठून कुठून आली, पाचांनी पाच सल्ले दिले, गाडी ढकलून चालू केली आणि आभारांची वाट न बघता आपापल्या कामाला गेली. त्यांतल्याच एकाने मग आपली स्कूटर उलट्या बाजूने दामटत मास्तरांच्या पुढ्यात घातली. मामा म्हणाले, तिकडे कुणी हात लावला नसता, फोन केला असता. आणि वहीत यातलं नेमकं काय लिहावं ते त्यांना सुचलं नाही.

तिसरी परीक्षा. मामा निघाले तेच हॉर्न वाजवत. टेम्पोला जागा दिली नाही, हातगाडीला दिली नाही, पुढच्या स्कूटरच्या मागच्या दिव्याला नाक लावून गाडी नेली. साहेब सैलावून बसले, बाहेर बघू लागले. पांढऱ्या पट्ट्यांपाशी तोच गवंडी होता. आज त्याने एक पाय खाली टाकला होता. मामांनी दोनदा हॉर्न वाजवला आणि गाडी पुढे काढली.

"आता आलं तुम्हाला," साहेब म्हणाले. पास.

लायसन्स हातात घेऊन मामा घरी आले आणि जेवले नाहीत. आक्कांनी विचारलं तेव्हा हळूच म्हणाले, "आक्का, त्याने पाय मागे घेतला गं."

"कुणी?"

"गवंड्याने. पहिल्या वेळेला तो हललाच नव्हता. या वेळेला मला ओळखून निघाला होता."

आक्कांनी ताट झाकून ठेवलं.

पुढच्या मंगळवारी निळी मोटार पहिल्यांदा अंगणाबाहेर पडली. आक्का बसल्या, त्यांचा पट्टा लागला, दुखऱ्या हाताखाली मामांनी उशी सरकवली आणि मगच चाक हललं. मामांनी वही घरीच ठेवली होती. शेळ्या उठेपर्यंत ते थांबले, अंतर ठेवलं, पट्ट्यांवर थांबले. दवाखान्यात पोचले तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती आणि आक्कांच्या यंत्रावर दुसरंच कुणीतरी निजलं होतं. आक्कांची पाळी लागली दुपारी दोनला. तोवर त्यांच्या पायांवर सूज चढली, धाप लागली, आणि बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसलेल्या मामांना मान वर करवेना.

संध्याकाळी परतताना मामा म्हणाले, "शुक्रवारपासून इकडच्यासारखी चालवतो. सातला तुला पोचवतो."

आक्का डोळे मिटून बसल्या होत्या. मामांना वाटलं झोपल्या.

"त्यापेक्षा अर्धा तास आधी निघू," आक्का म्हणाल्या. "जीपमध्ये मी वेळेवर पोचत होते रे. पण पोचेपर्यंत जीव मुठीत असायचा. आज पहिल्यांदा खिडकीबाहेर बघितलं."

त्या शुक्रवारपासून ती दोघं साडेपाचला निघतात. अर्धा तास, पण त्या अर्ध्या तासात सगळ्या शेळ्या, सगळे टेम्पो आणि सगळी हातगाडी मंडळी मावतात. सातला पाच कमी असताना आक्का यंत्राशेजारी असतात.

बाजाराच्या तोंडाशी मात्र एक नवी रीत पडली. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहाच्या सुमाराला पट्ट्यांच्या कडेला माणसं जमू लागली. शिवणकामाच्या कारखान्यातल्या बाया, दूधवाला, एक कुबडीवाले आजोबा, आणि घमेलं घेतलेला गवंडी. आधी त्याने बरेच दिवस मामांकडे पाहिलं नाही. मग एकदा सगळ्यांच्या शेवटी गेला, मग मध्ये, आता सगळ्यांत पुढे असतो. इतर दिवशी हीच माणसं जीव घेऊन पळतात. या दोन दिवशी निळ्या गाडीची वाट बघतात. मागचे हॉर्न वाजवतात, मामा शेवटचा माणूस पलीकडे टेकेपर्यंत हलत नाहीत.

मागच्या शुक्रवारी त्या घोळक्यात परीक्षा घेणारे साहेब होते. स्कूटरवरून पडले होते म्हणे. हात गळ्यात बांधलेला. गाडी थांबली. साहेबांनी मामांना ओळखलं, क्षणभर घुटमळले, मग गवंड्याच्या मागे मागे, दुखरा हात दुसऱ्या हाताने पोटाशी धरून पलीकडे गेले.

"कोण रे तो?" आक्कांनी विचारलं. "ओळखीचा दिसतो."

"हात दुखतोय बिचाऱ्याचा," मामा म्हणाले आणि तो फुटपाथवर चढेपर्यंत थांबले. मागे एका ट्रकने लांब हॉर्न दिला. आक्कांचा हात उशीवर मोकळा पडला होता. त्यांनी तो उचलून पोटाशी धरला नाही.