जर-तरचा डाव

माझे वडील हट्टी नाहीत. ते फक्त ठरवतात, आणि बाकीच्या जगाने ते पाळायचं असतं. आई गेल्यावर ते अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीलगत बांधलेल्या आमच्या घरात एकटे राहिले. कॉलनीतली निम्मी क्वार्टर्स ओस पडली, ओळखीची माणसं पुण्या-मुंबईला मुलांकडे गेली, तरी बाबांचं पालुपद एकच, इथे किती शांत आहे! शांत असणारच. आवाज करायला माणूस नको का?

मागच्या पावसाळ्यात ते न्हाणीघरात घसरले आणि सकाळी दूधवाला हाका मारीपर्यंत तिथेच पडून राहिले. मला हे कळलं गणपतीत, तेही बोलता बोलता, ‘तेव्हा जरा कंबर धरली होती’ अशा थाटात. मी म्हटलं, “बस झालं बाबा. आता रत्नागिरीला माझ्याकडे यायचं.”

“डावात हरव मला,” ते म्हणाले. “येतो.”

यात औदार्य काही नव्हतं. बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं आणि जन्मात एकदाही जिंकू दिलं नाही. पोरीला कधीतरी जिंकू द्यावं, तेवढंच तिला बरं वाटेल, असला बाळबोध विचार त्यांच्या मनाला शिवलेला नाही.

आम्ही मोबाइलवर, बुद्धिबळाच्या एका साइटवर खेळतो. एका चालीला तीन दिवसांची मुदत, आणि मुदत संपत आल्याशिवाय बाबा प्यादंही हलवत नाहीत. हलवलं की मात्र लगेच फोन. “खेळलोय गो. बघ.” मी बघायचं, ‘विचार करते’ म्हणायचं, आणि मग पाऊस, वीज, पायाची सूज, कोणाकोणाची लग्नं असं सगळं निघायचं. एकदा घोडा हलवल्याचं सांगायला फोन केला आणि माझा कुकर होईपर्यंत परसातल्या फणसाबद्दल बोलले.

अशात मला त्या साइटवर एक सोय सापडली. समोरचा हे खेळला तर मी हे खेळेन, त्यावर तो ते खेळला तर मी अमुक, असं आपण आधीच भरून ठेवायचं. त्याने नेमकी तीच चाल केली की आपलं उत्तर आपोआप जातं. वेगळी केली तर आपलं सगळं रद्द. मला स्वर्ग दोन बोटं उरला. मी गणित शिकवते. पाहुणे जेवायला थांबले तर काय आणि न थांबले तर काय, हे भाजी चिरायच्या आधी ठरवणारी बाई आहे. नवरा म्हणतो, तुझ्याशी भांडायची गरजच नाही, दोन्ही बाजू तूच मांडतेस. हे तो कौतुकाने म्हणतो असं मी धरून चालते.

मी भराभर चाली भरून ठेवू लागले. दोन-चार चालींनंतर बाबांचा फोन आला. “चष्मा काढायच्या आत तुझं उत्तर? बघितलंस तरी मी काय खेळलो ते?”

“बघायचं काय त्यात? मला आधीच माहीत होतं,” मी ऐटीत सांगितलं.

“असं होय,” म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन येईनासे झाले. बरोबरच आहे, जिचं उत्तर येऊन पडलंय तिला ‘बघ’ काय म्हणून सांगायचं? पण डाव कसा झपाट्याने पुढे सरकत होता! केवढा वेळ वाचत होता! त्या वाचलेल्या वेळात मी बाबांचा फोन का येत नाही याची काळजी करत बसे.

जिंकल्यावर ते सबबी सांगणार हे गृहीत धरून त्यांचीही उत्तरं मी तयार ठेवली होती. झाडांना पाणी कोण घालणार म्हणाले तर हे. फ्लॅटमध्ये जीव गुदमरतो म्हणाले तर ते. जावयाच्या घरी राहू का म्हणाले तर जावयालाच फोनवर द्यायचं.

आंब्याला मोहोर धरला होता त्या सुमाराची गोष्ट. शाळेत ऑफ तासाला मी पट उघडून बसले होते. वजिराचा शह दिसत होता. त्यांच्या राजाला दोनच घरं, एक शेजारचं, एक कोपऱ्यातलं. शेजारी गेला तर तगला. कोपऱ्यात गेला तर माझा घोडा लागोपाठ शह देणार, मग मी वजीर बळी देणार, तो त्यांच्या हत्तीने घ्यायचा आणि राजाला खेटून उभं राहायचं. आणि आपल्याच माणसांत अडकलेल्या राजाला माझा घोडा मात देणार. ही मात मी शाळेत असताना बाबांनीच दाखवली होती, अलोऱ्याच्या ओटीवर. “आपल्याच जागेत गुदमरतो बघ,” म्हणाले होते. त्यामुळे बाबा राजा कोपऱ्यात नेतील हे शक्यच नव्हतं. तरी व्यवस्थितपणा म्हणून ती फांदीही मी शेवटपर्यंत भरली आणि शह दिला.

मोबाइल खाली ठेवायच्या आत डाव संपला. मी जिंकले होते.

मला वाटलं काहीतरी बिघडलं. एकेक चाल मागे नेऊन पाहिली. राजा कोपऱ्यात. घोडा. राजा बाहेर. पुन्हा घोडा, पुन्हा कोपरा. वजीर, हत्ती, घोडा, मात. माझ्या चाली माझ्या जर-तरने पाठवल्या होत्या. मग त्यांच्या कोणी पाठवल्या?

ही सोय बाबांनीही शोधून काढली होती. आणि तिथे आपली चाल भरायची तर आधी समोरच्याची भरावी लागते. मी वजिराचा शह देणार, घोडा कुठे नेणार, वजीर कधी सोडणार, सगळं त्यांनी मला दिसायच्या आधीच बिनचूक भरलं होतं, आणि प्रत्येक चालीखाली स्वतःचं हरणं लिहून ठेवलं होतं. जन्मात पहिल्यांदा जिंकले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले.

फोन लावला. “बाबा, शेजारचं घर मोकळं होतं. राजा कोपऱ्यात कशाला नेलात?”

“बघितलंस म्हणजे,” ते म्हणाले. “किती पळवायचा गो त्याला? शनिवारी ये न्यायला. बॅगा भरल्यात.”

झाडं नाहीत, फ्लॅट नाही, जावई नाही. माझं सगळं रद्द.

आता बाबा आमच्या बाहेरच्या खोलीत असतात. रत्नागिरीचं पाणी वाईट, मासळी महाग, शेजारी फार बोलतात, असं त्यांचं मत आहे. आम्ही अजून मोबाइलवरच खेळतो, आणि मुदत संपत आली की माझा फोन स्वयंपाकघरात वाजतो. बाहेरच्या खोलीतून. “खेळलोय गो. बघ.” मी गॅस बंद करते, हात पुसते आणि त्यांच्यासमोर जाऊन बसते. मी काय खेळणार ते त्यांना माहीत असतं. तरी मी विचार करते, आणि ते वाट बघतात.