रविवारी सुट्टी घेणारा बिबट्या

बाजार पडला की मोकळे क्रेट अंगणात साठत जातात ना, तसे आमच्याकडं किस्से साठलेत. न्यायला कुणी येत नाही आणि टाकून द्यायला जीव होत नाही. मग चहाला कुणी आलं, की एकेक खाली काढायचा!

आमच्याकडं म्हणजे पिंपळवंडीत, एका शेतकऱ्याच्या घराच्या माडीवर. तिथं आम्ही ॲनिमेशनच्या फिल्म बनवतो. थेटरात नाही, टीव्हीवर नाही, थेट लोकांच्या घरात. आधी डीव्हीडी होत्या, आता पेन ड्राइव्ह. यात्रेत खेळण्यांच्या दुकानाशेजारी टेबल टाकायचं, लोक घेऊन जातात, घरच्या टीव्हीला खोचतात, पोरं बघतात. विलासभाऊ मालक आणि दिग्दर्शक. किसन चित्रं हलवतो. मी मागचं रंगवते, म्हणजे ऊस, विहीर, आभाळ वगैरे.

माडी मात्र आप्पांची. आप्पा म्हणजे विलासभाऊंचे थोरले बंधू, टोमॅटोवाले. या माणसाचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा भरवसा नाही. फोन वाजो, दार वाजो, पहिला प्रश्न ठरलेला: "आधी तुमी कोण, ते सांगा!" दारात सख्खा मेहुणा उभा असला तरी हेच.

आणि त्यांना माडी हवी होती. क्रेट ठेवायला.

*

आमच्या कामात रेंडर नावाचा प्रकार असतो. सगळं काम झालं की बटण दाबायचं, मग कॉम्प्युटर एकेक चित्र पक्कं करत बसतो. आपण तोवर हात लावायचा नाही.

एकदा असंच बटण दाबून आम्ही जेवायला गेलो. आप्पा वर आले. खुर्च्या रिकाम्या, मशीन चालू, पंखा चालू! आम्ही परत आलो तर आप्पा कॉम्प्युटरपुढं मांडी घालून पहाऱ्याला बसलेले.

"सकाळधरनं काय काम झालं?"

विलासभाऊ म्हणाले, "आप्पा, शेपटी हलली."

"किती?"

"डावीकडनं उजवीकडं."

आप्पा उठले. जिन्यापर्यंत गेले, वळले. "आमच्या म्हशीची बिनलाइटीची हालती!"

*

किसन आंबेगावच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला. भातशेतीवाला. पोरगा गुणी, पण आप्पांच्या वरताण संशयी. त्याचा संशय कॉम्प्युटरवर. फाइल खरंच सेव्ह झाली, हे त्याला पटतच नाही. म्हणून कॉपी काढायची, कॉपीची कॉपी काढायची. एका फाइलचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल खरं', तिसरीचं 'फायनल खरं हात लावू नका'.

व्हायचं तेच झालं. यात्रेला नेलेल्या पेन ड्राइव्हमध्ये भलतीच फाइल गेली. बिबट्याच्या अंगावर ठिपके आम्ही सगळ्यात शेवटी टाकतो. ही फाइल त्याच्या आधीची!

दुसऱ्या दिवशी एक आजीबाई नातवाला बखोटीला धरून टेबलापुढं उभ्या. "हे काय इकलं तुमी?"

"बिबट्याची फिल्म आहे, आजी."

"बिबट्या? माझ्या उसात तीन पिढ्यांचे बिबटे बघितलेत मी. कुत्रं रंगवून बिबट्या म्हणून खपवताय व्हय रं?"

किसननं हात जोडले, नवीन पेन ड्राइव्ह दिला. आजीबाईंनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "ह्याच्यात तरी पुरा हाये का, का शेपूट ऱ्हायलंय?"

*

आता नानीचं सांगते, त्या यात्रेच्या आधीचं. नानी म्हणजे आप्पांची बायको. माहेर पिंपरी पेंढार. आम्हाला दुपारचा चहा तिच्याच हातचा.

बिबट्याच्या फिल्मची गोष्ट साधी. ऊसतोडीत बिबट्याचं पिल्लू सापडतं, आणि त्याची आई हाका मारत त्याला शोधत येते. त्या आईच्या आवाजासाठी आम्ही शहरातनं एक कलाकार बोलावला होता. त्यानं माइकपुढं अशी काही गुरगुर काढली, की मिक्सरात चटणी वाटतंय कुणीतरी!

नानीनं चहाचा ट्रे खाली ठेवला. "ह्ये काय? मांजराला खोकला झालाय का? पिल्लू हरवल्यावर मादी अशी वरडत नाय, राव."

"मग कशी ओरडते?" मी विचारलं.

नानीनं पदर खोचला आणि आवाज काढला. लाकडावर करवत चालावी तसा, खोल, मध्येच तुटणारा. किसन टेबलावर चढला! आणि खरं सांगू, रडूच आलं मला. त्या आवाजात राग नव्हताच, नुसती शोधाशोध होती.

काम नानीलाच दिलं. तिची अट एकच, आप्पांना कळता कामा नये. "आप्पाची बायको गुरगुरती म्हणून गाव हसंल!" म्हणून फिल्मच्या शेवटी तिचं माहेरचं नाव टाकलं.

रोज दुपारी जेवणं झाली की तालीम सुरू. आणि तिकडं शेतात आप्पांनी कान टवकारले. घराजवळ बिबट्या! त्यांनी वनखात्याला फोन लावला. माणसं आली, घरामागं पिंजरा लागला, पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात शेळी बांधली. आता आम्ही काय बोलणार? नानी बिचारी रोज त्या शेळीला चारा घालायची आणि म्हणायची, "माझ्यापायी अडकलीस गं बाई."

बिबट्या काही सापडेना. शेवटी वनखात्याचा माणूस आप्पांना म्हणाला, "मला शंका येतीये. आवाज कधी येतो म्हणालात?"

"दुपारचं. जेवणानंतर."

"रोज?"

आप्पांनी डोकं खाजवलं. "रविवारी नाय येत."

वनखात्याच्या माणसानं पिंजरा उचलला. जाताना म्हणाला, "आप्पा, आम्हाला नसते रविवारची. बिबट्याला असते होय सुट्टी?"

*

टोमॅटोचा हंगाम आला आणि आप्पांचा धीर संपला. "दिवाळी झाली की माडी मोकळी करा."

विलासभाऊ म्हणाले, "आप्पा, लोक चांगलं म्हणतात फिल्मला."

"कोण लोक? भावकी? चहा पिऊन जाणारे? वळख ना पाळख, असल्या माणसानं चांगलं म्हणून दाखवावं. मग मी क्रेट पावसात ठेवीन!"

झालं. आमचं सगळं त्या एका वाक्यावर टांगलं. विलासभाऊंना दुसरीकडं भाड्यानं जागा घेणं परवडणारं नव्हतं. माडी गेली की पुढच्या फिल्म गेल्या. मला कामाची काळजी होतीच, पण त्याहून जास्त नानीची वाटायची. मी शिकवण्या घेईन, किसन शहरात जाईल. नानी कुठं ओरडणार?

आणि नेमका तेव्हाच ई-मेल आला! पुण्याची एक संस्था, थेट घरी पोचणाऱ्या ॲनिमेशन फिल्मना पुरस्कार देणारी. आमची फिल्म अंतिम फेरीत!

नाचायला पाहिजे होतं ना? छे! तिघंही पडद्याकडं साप बघितल्यासारखे बघत बसलो.

"आपण पाठवलीच नाही, मग त्यांना मिळाली कुठनं?" मी म्हणाले. मी पण काही कमी संशयी नाही.

"खाली लिंक हाये," किसन मागं सरकला. "दाबू नका! सगळं जातंय त्यानं!"

विलासभाऊंनी विचार करकरून उत्तर टाइप केलं: 'आधी तुम्ही कोण, ते कळवावे.' भाऊ भावावरच गेला!

त्या लोकांनी कळवलं, की परीक्षकांपैकी एका बाईंनी यात्रेत आमच्या टेबलावरनं पेन ड्राइव्ह घेतला होता. तरी आम्ही लिंक दाबली नाही. शेवटी त्यांनी सरळ फोन केला. तो उचलला आप्पांनी.

"तुमच्या बिबट्याबद्दल बोलायचं होतं."

"आधी तुमी कोण? जाऊ द्या, कोण बी असा. पिंजरा नेला म्हणावं परत. आता इथं कायबी नाय!" आणि ठेवला.

*

पुढं सगळं जुळलं आणि परीक्षकांचं मत लेखी आलं. विलासभाऊंनी उभं राहून मोठ्यानं वाचलं. बिबट्याच्या भीतीनं गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे घालून शेतात राबणाऱ्या बाया, ही म्हणे दिग्दर्शकाची विलक्षण कल्पना. वास्तवापासून मुक्त झालेली प्रतिभा!

आम्ही एकमेकांकडं बघितलं. कल्पना कसली? किसननं समोरचं बघून काढलं होतं ते.

संध्याकाळी अवसरी बुद्रुकला घरी गेले आणि सासूबाईंना सांगितलं. त्या रानातनं येऊन गळ्यातला पट्टा सोडत होत्या. पट्टा खुंटीला अडकवला आणि माझ्याकडं वळल्या.

"अगं, मग त्यांच्याकडं गवत कापताना काय घालत्यात?"

*

आता शेवटचा.

निकालाच्या आधी पुण्याहून निरोप आला, की व्हिडिओ कॉलवर यायचं. सर्वोत्कृष्ट आवाजाच्या पुरस्कारासाठी बिबट्याच्या आईचं नाव पुढं आहे, पण परीक्षकांना शंका आहे. हा आवाज माणसाचा नाहीच. एक तर खऱ्या जनावराचं रेकॉर्डिंग, नाहीतर एआय. तसं असेल तर ही फसवणूक, आणि सबंध फिल्मच बाद. कलाकारानं समोर बसून आवाज काढून दाखवावा.

नानीनं हात झटकले. "घरात ह्यांच्या देखत? मरंन पण काढणार नाय."

मग आम्ही आप्पांना बाजाराला धाडायचं ठरवलं. विलासभाऊ म्हणाले, "आप्पा, आज नारायणगावला माल तुम्हीच न्या." किसननं न सांगता क्रेट भरले. मी म्हणाले, "परत यायची घाई करू नका हं आप्पा." आप्पांनी आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि गाडी घेऊन गेले.

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाचा सावलीवर भरवसा नाही, त्याला तिघं मिळून एवढ्या प्रेमानं घराबाहेर काढतात, तो जाईल का? फाट्यापर्यंत गेले, माल दुसऱ्याच्या गाडीत टाकला आणि पायवाटेनं परत! घरामागं क्रेटच्या थप्पीआड उभे राहिले, आपल्यामागं काय शिजतंय ते बघायला.

आम्हाला ह्यातलं काही ठाऊक नाही. वर कॉल लागला. परीक्षक बाई पडद्यावर आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "करा सुरुवात."

नानी माइककडं बघेना, आमच्याकडं बघेना. मी कानात म्हणाले, "नानी, माडी जाऊ दे. पिल्लू सापडत नाहीये, एवढंच बघ." तिनं डोळे मिटले.

आणि काढला! असा काढला, की तालमीतले सगळे फिके. पडद्यावर बाई खुर्चीत मागं सरकल्या.

खाली क्रेटची अख्खी थप्पी धडाधड कोसळली. "वर हाये! अगं, तू वर हायेस का?" जिना वाजला, दार भिंतीवर आपटलं, आणि हातात काठी घेऊन आप्पा आत! एका पायात चप्पल नाही. नानी दिसल्यावर त्यांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं, स्वतः पुढं झाले आणि कॉम्प्युटरवर काठी उगारली.

"कुठाय? कुठं गेला?"

आप्पांची छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती. आणि मग त्यांच्या पाठीमागनं, अगदी खांद्याजवळनं, नानीनं तो आवाज परत काढला. हळू, जरासाच.

आप्पा वळले नाहीत. काठी तशीच हवेत.

पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, "आमची शंका फिटली! आवाज यांचाच आहे. फार सुंदर, हो. मी असं कधी ऐकलं नव्हतं."

आप्पांनी त्यांना खालवर न्याहाळलं. "आधी तुमी कोण?"

"मी पुण्याची. परीक्षक."

"आमच्या भावकीतल्या?"

"नाही हो."

"हिच्या माहेरच्या?"

"नाही. मी यांना आज पहिल्यांदाच पाहतेय."

आप्पांनी काठी भिंतीला टेकवली. दाराशी एक मोकळा क्रेट होता, तो ओढला, पालथा घातला आणि नानीसमोर त्याच्यावर बसले. कपाळाचा घाम पुसला.

"त्यांची फिटली आसंल," आप्पा म्हणाले. "माझी नाय फिटली. काढ परत."