मामांची बाटली परत करायची आहे

ठाणे शहरात आजवर जेवढी दारू प्यायली गेली, तिच्या बहुतेक सगळ्या बाटल्या शेवटी माझ्या नवऱ्याच्या मामांकडे येऊन विसावल्या असाव्यात, असं माझं प्रामाणिक मत आहे. गंमत म्हणजे या माणसाने जन्मात थेंबाला शिवलेलं नाही. खोकल्याचं औषधसुद्धा ते आधी वास घेऊन, शंका फिटल्यावरच घेतात. पण काचेची बाटली कचऱ्यात गेलेली त्यांना बघवत नाही. नौपाड्यातल्या त्यांच्या जुन्या बिल्डिंगमधली शौकीन मंडळी रविवारी सकाळी पेपरात गुंडाळून माल आणून द्यायची. कोण किती घेतो हे मामांना बरोब्बर ठाऊक, पण ते गुपित त्यांनी कधी फोडलं नाही. फार तर म्हणायचे, "तिसऱ्या मजल्यावर बढती मिळालेली दिसते. यावेळी काच जाड आलीय."

बादलीत भिजवून लेबलं काढली, सोड्याच्या पाण्याने धुतली, की बाटली कामाला लागायची. कुणात मनीप्लांट, कुणात तेल, कुणात फिनेल. गावाला जाताना पाण्याने भरलेल्या बाटल्या कुंड्यांत उलट्या खोचायच्या, म्हणजे मागे तुळस थेंब थेंब पीत बसते. लाटणं मोडलं त्या दिवसापासून पोळ्यासुद्धा बाटलीनेच. "आत गार पाणी भरलं की पीठ चिकटत नाही, सूनबाई," हे वर मलाच शिक्षण! एकदा पेटत्या दोऱ्याने बाटल्या आडव्या कापून त्यांनी ग्लास केले आणि त्यातून आम्हाला सरबत दिलं. देताना म्हणाले, "कडा घासून घेतल्यात, घाबरू नका." तोवर कुणीच घाबरलं नव्हतं. त्यानंतर मात्र ते सरबत आम्ही सगळ्यांनी चमच्याने प्यायलं.

सत्यनारायणाला तर कहर झाला. गुरुजींनी गंगाजल मागितलं आणि मामांनी एक चपटी पुढे केली. लेबल गेलं होतं, पण काचेतच उठवलेला, जबडा वासलेला वाघ कुठला जायला! गुरुजी थबकले.

"गंगेचंच आहे हो," मामा म्हणाले.

"ते कळलं. पण या वाघाचं तोंड जरा तिकडे करा. मंत्र चुकतायत माझे."

शेजारचं भांडं कधी रिकामं परत करू नये, ही मामींची शिस्त. मामी गेल्या, त्यांची भांडी माळ्यावर गेली, आणि मामांनी तो नियम बाटल्यांना लावला. नरसाळ्याने मेतकूट नाहीतर कोकमाचं आगळ भरून ते बाटली द्यायचे. परत आणताना तुम्ही तिच्यात काहीतरी घालून आणायचं. आणायला आलं की बसायचं, बसलं की गप्पा. एकट्या राहणाऱ्या या माणसाचं दार त्यामुळे दिवसभर वाजत असायचं.

मग बिल्डिंग पाडायची ठरली. डोंबिवलीच्या टॉवरमध्ये राहणारा त्यांचा मुलगा न्यायला आला आणि पहिल्यांदा हेच म्हणाला, "बाबा, तुम्ही या, पण बाटली एक पण आणायची नाही." आम्ही भांडण सोडवायच्या तयारीत बसलो होतो. मामा नुसतंच "बरं" म्हणाले. बाटल्या गेल्या तर जाऊ देत, पण तिकडे या माणसाचं दार वाजवणार कोण?

निघण्यापूर्वी मामांनी घरातली एकूण एक बाटली भरली आणि नौपाडाभर वाटली. प्रत्येकाला एकच वाक्य, "परत करायची आहे हं. पत्ता लिहून घ्या."

थोड्याच दिवसांत त्या मुलाचा मला फोन. "वहिनी, अगं रोज कुणीतरी बेल मारतं! काल ते गुरुजी आलेले, वाघाच्या बाटलीत मध घेऊन. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघतात यार!" मी पोट धरधरून हसले.

पण नौपाडा झाला तरी केवढा? बाटल्या पोचत्या झाल्या आणि बेल हळूहळू थंडावली. मग एकदा मामांशी फोनवर बोलताना मी म्हटलं, "आमचीच राहिलीय मामा, रविवारी घेऊन येते." ते म्हणाले, "ये की. पण बाटलीची घाई नाही गं. तेवढी एकच यायची राहिलीय."

रविवारी मी ती बाटली घासूनपुसून, मेतकूट भरून ओट्यावर ठेवली, आणि तिथेच ठेवून रिकाम्या हाताने डोंबिवलीला गेले. दार मामांनीच उघडलं.

"बाटली विसरले मामा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. लबाड माणूस, सगळं कळलं त्यांना. "वेंधळी आहेस झालं. आता पुन्हा यावं लागणार तुला," असं म्हणत ते सरबत करायला आत गेले. ग्लास तेच, बाटल्या कापून केलेले. ग्लासांना बाटली म्हणत नाहीत, असं मुलाला पटवून त्यांनी ते आणले होते. यावेळी मी चमचा मागितला नाही.