तीन चपट्या पिनांचा चार्जर

चार्जरवरचे सगळे आकडे बरोबर होते. आत शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट, बाहेर वीस व्होल्ट, सव्वातीन अँपिअर. लॅपटॉपच्या तळाशीही तेच छापलेलं. भिंग घेऊन मी दोन्हीकडे वाचलं होतं. चूक होती ती भिंतीत जाणाऱ्या टोकाला.

आईचा लॅपटॉप धाकट्या भावाने सिंगापूरहून आणलेला. त्याचा चार्जर जळाला तेव्हा दुसराही त्यानेच तिकडून आणला, सुट्टीला येताना. पिना तीन, चपट्या. कुंभकोणममधल्या आमच्या घराच्या भिंतीत गोल भोकं. भावाने खिशातून एक पांढरा कन्व्हर्टर काढला. पुढे कुठलाही प्लग घुसेल, मागे मात्र दोनच पिना.

"अर्थिंग कुठे गेलं?" मी विचारलं.

"अण्णा, ऑडिटला आल्यासारखं काय विचारतोस? चालतोय ना?"

"चालतोय. अर्थिंग कुठे गेलं?"

"काही होत नाही रे. माझ्या ऑफिसात निम्मे लोक असंच वापरतात."

मी म्हणालो, वायर बदलून इथली गोल तीन पिनांची लावतो. तेव्हा आई मध्ये पडली. "तो एवढ्या लांबून घेऊन आला, आणि तू पिना मोजत बसलायस. त्यानं लावून दिलंय. हात लावू नकोस."

आमच्या घरात धाकट्याने लावलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो. त्याने उलट्या बाजूला बसवलेली कडी आम्ही अजून उलटीच ओढतो. मी कन्व्हर्टर तसाच राहू दिला.

शनिवार-रविवारी सकाळी आई त्या लॅपटॉपवर सिंगापूरच्या नातीला व्हिडिओ कॉलवर घरातली जुनी मराठी पदं शिकवते. आमची मराठी तंजावरची, तमिळच्या वळणाची. पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. भावाच्या घरात ती बोललीच जात नाही. मुलीच्या कानावर पडते ती एवढीच. आई आंघोळ करून, सोवळ्यातच, ओल्या नऊवारीत आणि ओल्या पायांनी लॅपटॉपसमोर बसते. खाली दगडी फरशी.

मग एकदा पाहिलं, आई खुर्चीत बसून दोन्ही पाय देवघरातल्या पाटावर ठेवते आहे. पाट जेवायला किंवा पूजेला बसायचा. पाय ठेवायला तिने तो कधी कोणाला दिला नसता.

"गुडघे," ती म्हणाली.

मी विश्वास ठेवला. पण एका रविवारी पाट धुऊन अंगणात वाळत होता. आई पाय फरशीवर ठेवून बसली, आवाज वाढवायला लॅपटॉपच्या कडेला बोट लावलं, आणि हात झटकन मागे घेतला. पद मात्र तुटू दिलं नाही. दुसरी ओळ तिने पदराचं टोक बोटांना गुंडाळून सुरू केली. पदरही ओलाच.

कॉल संपल्यावर मी प्लग उपटला. "कधीपासून?"

"झिणझिण्या येतात एवढंच. पाटावर पाय ठेवले की येत नाहीत."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस," आई म्हणाली. "पोरीचं अजून निम्मं पद राहिलंय."

कोरड्या पायांनी मी प्लग परत लावून मीटर धरला. एक टोक लॅपटॉपच्या धातूला, दुसरं सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात. एकशे सात व्होल्ट.

भावाला फोन केला. तो हसला. "अण्णा, त्यात करंट किती असतो? काहीच नाही. माणूस मरत नाही त्याने."

"मरत नाही, म्हणून आईने दर आठवड्याला सोसायचं?"

"तू फार ताणतोस."

"तू एक कर. आंघोळ कर, ओल्या पायांनी फरशीवर उभा राहा, आणि धर तो लॅपटॉप. मग मला करंट शिकव."

मी फोन ठेवला. मला राग त्याच्या हसण्याचा नव्हता. आईने शोधलेला उपाय पाटाचा होता, आणि तो तिने दोन मुलांपासून लपवला होता. एकाचं मन मोडू नये म्हणून, आणि दुसऱ्याने पद मोडू नये म्हणून.

चार्जरच्या ठोकळ्यापासून भिंतीकडची वायर सुटी करता येते. तशी गोल तीन पिनांची वायर महामहम तळ्याजवळच्या दुकानात टांगलेलीच होती. आणली, लावली, मीटर धरला. शून्य. या वेळी आईने अडवलं नाही.

पुढच्या शनिवारी तिने आधी बोटांची मागची बाजू लॅपटॉपला लावून पाहिली, तवा तापलाय का पाहतात तशी. मग सगळा तळवा टेकवला. मग पाटावरून पाय खाली फरशीवर घेतले आणि पदाचा राहिलेला अर्धा भाग सुरू केला.

शेवटी पडद्यावर भाऊ आला. "चार्जर चांगला चालतोय हो, कण्णा," आईने त्याला लाडाने सांगितलं.

"बघ अण्णा! आणि तो कन्व्हर्टर जपून ठेव, पुढच्या खेपेला लागेल."

"वरवंट्याने फोडला," मी म्हणालो.