संध्याकाळचा धूप

फौजेतून निवृत्त होऊन सोलापुरात आलो आणि माझ्या देवभक्तीबद्दल घरात शंका घेतली जाऊ लागली. शंका घेणारी आमची हीच. संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावून धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर धूप टाकला, की मी टाकी भरली का बघायला गच्चीवर जायचो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "आज पाणीच आलं न्हाय, मग टाकी कशी भरंल?" ती खालून विचारायची. मी उत्तर देत नसे, कारण जिना चढल्यावर बोलायला श्वासच उरायचा नाही.

नोकरीतली बरीच वर्षं मी बर्फातल्या ठाण्यांवर काढली. तिथे झोपायच्या बंकरमध्ये रॉकेलचा स्टोव्ह सतत पेटता ठेवावा लागतो. दार उघडलं तर थंडी जीव घेते, बंद ठेवलं तर काजळी छातीत जाते. आम्ही दार बंद ठेवायचो. सकाळी थुंकलं की बर्फावर काळा डाग पडायचा आणि एकमेकांची काळी नाकं बघून आम्ही हसायचो. त्या धुरावर मला आजही रागावता येत नाही, कारण त्याच स्टोव्हने आम्हाला जिवंत ठेवलं. पुढे धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले की काजळीने श्वासनळ्या आतून खराब झाल्या आहेत, गेलं ते परत येणार नाही, उरलं ते सांभाळा आणि कसलाही धूर टाळा. धाप लागली की तोंडात मारायला त्यांनी औषधाचा एक फवाराही दिला.

हे मी हिला सांगितलं, पण अर्धंच. चुलीजवळ बसायचं नाही, विडी ओढणाऱ्यांपासून लांब राहायचं, एवढंच तिला कळलं. धुपाचं नाव घ्यायला जीभ रेटेना. मी सीमेवर असताना ती सिद्धरामेश्वरांना नवस बोलली होती, की माणूस सुखरूप घरी येऊ दे, रोज संध्याकाळी धूप घालीन. मी सुखरूप आलो. आता तो धूप बंद कर, असं कुठल्या तोंडाने सांगणार? गच्चीवर पळणारा नवरा बघून तिला वाटलं, याचं मन देवावरून उडालं. ते वळावं म्हणून तिने धूप वाढवला. माझा खोकला वाढला, तसा तिने धुपात गुग्गुळही घातला. गच्चीवर बसून मी देवाला विचारायचो, बाबा रे, गोळ्यांतून वाचवलंस ते बायकोच्या भक्तीने मरायला का?

श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही सिद्धरामेश्वरांच्या तळ्यातल्या देवळात गेलो होतो. आरती सुरू झाली, गर्दीत कुणाच्या तरी हातातलं धुपाटणं जवळ आलं. देवळात टाकी बघायला जाता येत नाही. छाती आवळली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसलो. ही घाबरून देवाचा अंगारा शोधू लागली. तेवढ्यात कपाळाला विभूती लावलेली एक म्हातारी गर्दी सारत आली. ओळख ना पाळख, तिने मला दंडाला धरून उठवलं, बाहेर पाण्याकाठच्या कट्ट्यावर वाऱ्यात बसवलं, पुढे वाकवलं आणि हिला म्हणाली, "खिशात फवारा असंल बघ, दी तोंडाला." होता. हळूहळू श्वास परत आला.

म्हातारी अक्कलकोटकडची असावी, कारण हिला ती तंगी म्हणाली, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "तंगी, ह्याच्याम्होरं धूर करू नगं. माझा मालक गिरणीत भट्टीवर हुता. असाच गुडघ्यावर हात टेकून बसायचा. मी त्याच्यासाठी रोज धूप घालायची. त्यानं शेवटपत्तुर सांगितलं न्हाय मला."

ही माझ्याकडे वळली. "तुमीबी सांगितलं न्हाय की."

"नवस तुझा होता," मी म्हणालो.

"नवस तुमच्यासाठीच हुता की," ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडलो. डोळे पुसून बघतो तर म्हातारी नव्हती. आम्ही देवळाभोवती दोनदा शोधलं, पण आभार मानायचे राहूनच गेले. ही म्हणते, देवानेच पाठवली. मी वाद घालत नाही.

फौजेत मी सोसायला शिकलो होतो. गप्प सोसणं म्हणजेच देवावर भार टाकणं, असा माझा समज होता. पण देवापुढे काय आणि बायकोपुढे काय, भार टाकायचा तर आधी तो जड झालाय असं म्हणावं लागतं, हे त्या कट्ट्यावर कळलं.

आता धुपाटण्यात पाणी असतं आणि त्यात फुलं, कधी मोगरा तर कधी शेवंती. देवाला तिने हात जोडून रीतसर विचारून घेतलंय. मी तिच्याशेजारी बसून आरती म्हणतो. मध्येच माझा श्वास संपतो, मग पुढची ओळ ती एकटी म्हणते. परवा आरतीतच नळाला पाणी आलं, टाकी भरून वाहू लागली, शेजारचे हाका मारू लागले. सवयीने मी उठायला गेलो, तर तिने माझा हात घट्ट धरला.

"वाहू द्या की," ती म्हणाली. "तुमी बसा हितंच."